खोडरबर जरा बाजूला

शासकीय रेखाकला परीक्षेची, म्हणजे आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटची, तयारी सुरू झाली की घरोघरी सर्वांत जास्त झिजतो तो खोडरबर. तो काही दिवस खरोखरच दूर ठेवा. समोर तांब्या ठेवून नीट निरखा. काठ डोळ्यांच्या पातळीत असेल तर सरळ रेघेसारखा दिसतो. पातळीच्या जितका खाली, तितका त्याचा लंबगोल रुंदावतो. म्हणूनच बुडाची कड तोंडापेक्षा जास्त गोलाई मागते, आणि मुले नेमकी तिथेच सपाट रेघ ओढतात. लांब रेषा मनगटातून नव्हे, खांद्यातून येऊ द्या. चुकलेली रेघ राहू द्या, शेजारीच दुसरी काढा. पालकांनो, छापील चित्रांची नक्कल पुरे. मुलांसमोर खरी वस्तू ठेवा.