लेकराचा पहिला पिक्चर

सुट्टीच्या दिवशी विदर्भातल्या वरवट बकाल गावच्या स्टँडवर सकाळपासूनच माणसे उभी असतात. कुणाला शेगावला महाराजांच्या दर्शनाला जायचे असते, कुणाला खामगावच्या बाजारात. त्यातच एखाद्या कुटुंबाचा बेत लांबचा असतो. दर्शन करायचे आणि तसेच पुढे अकोल्याला जाऊन पिक्चर पाहायचा. नवरा-बायको, सोबत आजी, आजीच्या कडेवर दोन-अडीच वर्षांचे लेकरू. घरी त्याला सांभाळायला मागे कुणी उरत नाही, म्हणून तेही निघते. तो त्याचा पहिला पिक्चर असतो, पण बेत आखताना त्याचा वेगळा विचार कुणी केलेला नसतो. तो करायला हवा, असे आम्हाला वाटते.

थिएटरात शिरल्यावर काय होते, ते लेकराच्या बाजूने पाहू. दिवे मालवतात. घरी रात्री लाइट गेली तर आई लगेच हाक मारते, बोलत राहते. इथे अंधार होतो आणि सगळी मोठी माणसे गप्प बसतात. मग भिंतीएवढा चेहरा समोर येतो आणि आवाजाचा दणका छातीत बसतो. लेकरू आईचा पदर मुठीत धरते, तोंड तिच्या खांद्यात खुपसते. काही वेळाने धीर आला की मान वर काढते, पण पडद्याकडे बघत नाही. मागे वळून, डोक्यांवरून जाणाऱ्या उजेडाच्या पट्ट्याकडे बघत राहते. त्या पट्ट्यात धूळ तरंगत असते. ती धरायला ते दोन्ही हात वर करते. ‘खाली बसवा हो त्याला,’ असे मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणते. आई ओशाळते, लेकराला खाली ओढते आणि तिथून रडणे सुरू होते.

या रडण्याला आपण हट्ट म्हणून मोकळे होतो. खरे तर त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. पहिले कारण आवाजाचे. चित्रपटगृहातली ध्वनियंत्रणा ज्या मापाने लावतात, त्यात एकेका वाहिनीची प्रमाण पातळी ८५ डेसिबल धरतात आणि दणक्याच्या प्रसंगी आवाजाला त्याहून २० डेसिबल वर जायला जागा ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या ऐकण्यासाठी सांगितलेली सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास, ७५ डेसिबल अशी आहे. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. या हिशेबाने ८५ डेसिबलला आठवड्याचे चार तास उरतात आणि ९५ डेसिबलला जेमतेम चोवीस मिनिटे. संपूर्ण चित्रपट एवढ्या मोठ्या आवाजात चालत नाही, हे खरे. पण मारामारीचा, स्फोटांचा चित्रपट असेल तर त्यातला बराच भाग या पातळीच्या आसपास जाऊ शकतो. आणि ‘माझे कान दुखतात’ असे सांगण्याएवढी वाचा त्या वयात फुटलेली नसते.

दुसरे कारण वेळेचे. दोन वर्षांखालच्या मुलांना कोणताही पडदा दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने, असे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्लाही याच्याशी जुळणारा आहे. आपल्याकडे नुसता पूर्वार्धच अनेकदा तासाच्या पुढे जातो. म्हणजे मध्यंतराची पाटी येईपर्यंत लेकराचा दिवसाचा वाटा संपलेला असतो. तिसरे कारण समजुतीचे. या वयाला गोष्टीचा धागा धरता येत नाही आणि पडद्यावरचे चित्र कुठे संपते, खरे जग कुठे सुरू होते, हेही नीट उमगलेले नसते. पडद्यावरच्या कुत्र्याला ते हातातले बिस्कीट पुढे करते. त्याच भोळेपणाने पडद्यावरचा राक्षस आपल्याच अंगावर येतो आहे, असेही त्याला वाटते.

इथे पुष्कळ पालक प्रमाणपत्राचा आधार घेतात. ‘यू’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे मुलांना चालेल, असा समज असतो. ‘यू’चा अर्थ एवढाच, की चित्रपट सर्वांना दाखवायला हरकत नाही. तो दोन वर्षांच्या मुलाला रुचेल किंवा झेपेल, असा त्याचा अर्थ नव्हे. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पूर्वीच्या सरसकट ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन गट पडले. त्या वयाखालच्या मुलांना चित्रपट दाखवायचा की नाही, हे पालकांनी ठरवायचे असते. सात वर्षांची खूण असलेल्या चित्रपटाला अडीच वर्षांचे लेकरू नेले, तर दारावर त्याला अडवायला कुणी बांधील नाही. अडवायचे ते आईबापांनीच.

मग लेकराला नेऊच नये का? आम्ही तसे म्हणणार नाही. भारतीय सिनेमाची मुळे शोधायला गेलो, तर एका मुलाच्या पिक्चरपाशीच येऊन पोहोचतो. १९११ साली दादासाहेब फाळके थोरल्या मुलाला, भालचंद्रला घेऊन गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. तिथे त्याने पडद्यावर हलणारे प्राणी पाहिले आणि घरी येऊन आईला, सरस्वतीबाईंना ते सांगितले. घरच्यांचा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्यांना घेऊन पुन्हा गेले. ईस्टरचे दिवस होते, त्या खेळात येशूच्या जीवनावरचा चित्रपट होता. तो पाहताना आपल्या देवादिकांना पडद्यावर आणण्याचा ध्यास फाळक्यांनी घेतला. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, तेव्हा त्यात रोहिदासाच्या भूमिकेत हाच भालचंद्र होता.

या हकिगतीतली एक गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. भालचंद्र घरी येऊन सांगण्याएवढा मोठा होता. काय पाहिले, काय आवडले, कशाने दचकलो, हे तो आईजवळ बोलू शकला. अडीच वर्षांच्या लेकराला हे जमत नाही. त्याला जे सांगायचे असते ते तिथेच, रडून, अंग काढून घेऊन, दाराकडे बोट दाखवून सांगते. ते त्याच वेळी ऐकायचे असते. पहिल्या पिक्चरचे सगळे शहाणपण आमच्या मते एवढ्यातच आहे. कधीही उठून बाहेर पडायच्या तयारीनेच आत जावे.

शहरात राहणाऱ्याला हे सोपे आहे. थिएटर घराजवळ असते, अर्ध्यातून उठले तरी दिवस वाया जात नाही. वरवट बकालहून निघालेल्या कुटुंबाचे तसे नसते. जाण्या-येण्याचे भाडे, तिकिटे, बाहेरचे खाणे आणि शेतातली कामे बाजूला ठेवून काढलेला दिवस, एवढे सगळे त्या तीन तासांत गुंतलेले असते. ‘एवढ्या लांबून आलो आणि अर्ध्यात उठायचे?’ हा प्रश्न चुकीचा नाही. पण त्या प्रश्नापायी रडते लेकरू तासभर मांडीवर दाबून ठेवले जाते. लांबच्या अंतराचा आणि खर्चाचा भार ज्याच्या अंगावर पडू नये, नेमका त्याच्याच अंगावर पडतो.

हे टाळायचे तर बेत निघण्यापूर्वीच नीट ठरवावा. लेकरासाठी पिक्चर हा दिवसातला एक छोटा भाग ठेवावा, बाकी दिवस दर्शनाचा, बागेचा, भटकण्याचा. म्हणजे वीस मिनिटांत बाहेर यावे लागले तरी सगळा दिवस बुडाला असे वाटणार नाही. खेळ त्याच्या झोपेच्या वेळेचा नसावा. सुरुवातीच्या जाहिराती आणि येऊ घातलेल्या चित्रपटांच्या झलका बहुधा मोठ्या आवाजाच्या असतात आणि त्यात मारामारीही असते, तेव्हा दहा-पंधरा मिनिटे उशिरा आत गेलेले बरे. जागा कडेची, दाराजवळची घ्यावी. अगदी शेवटची रांग मात्र नको, कारण मागच्या भिंतीवरचे स्पीकर तिथे डोक्यालाच लागून असतात. कानांवर बसवायची आवाजरोधक टोपणे मुलांच्या मापाची मिळतात, ती जवळ असावीत. बहुतेक मल्टिप्लेक्समध्ये तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. खाण्याचीही काळजी नको. बाहेरचे पदार्थ आत आणू द्यायचे की नाही हे चित्रपटगृहाने ठरवावे, पण लहान मुलासाठी पालकांनी आणलेले बेताचे खाणे अडवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. दुधाची बाटली आणि डब्यातला मऊ भात सोबत न्यावा.

आणखी एक गोष्ट ठरवून निघावी. लेकरू रडले तर कोण उठणार? आज उठते ती बहुतेक वेळा आई. सगळा पूर्वार्ध ती बाहेरच्या पॅसेजमध्ये लेकराला कडेवर घेऊन फिरते आणि घरी परतल्यावर पिक्चरची गोष्ट दुसऱ्यांच्या तोंडून ऐकते. वर्षाकाठी एखाद्या वेळी पिक्चरला जाणाऱ्या बाईचा तोही वाटा असा जातो. पहिल्यांदा बापाने उठावे, मग आजीने, मग आईने. पाळी आधीच ठरली असली की कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहत नाही.

चित्रपटगृहांनाही यात करण्यासारखे आहे. ब्रिटन, अमेरिकेत अनेक ठिकाणी तान्ह्या मुलांच्या आईबापांसाठी वेगळे खेळ असतात. दिवे पूर्ण मालवत नाहीत, आवाज उतरवलेला असतो आणि मूल रडले तर कुणी वळून पाहत नाही. आठवड्यातून एक सकाळ, मधल्या रिकाम्या दिवसाची, अकोल्यातल्या एखाद्या चित्रपटगृहाने अशा खेळाला दिली, तर त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागणार नाही. आवाजाचे बटण तेवढे खाली आणायचे आहे.

पण आमचा खरा भरवसा गावावर आहे. जत्रेतला सिनेमाचा तंबू ज्यांनी पाहिला, त्यांना हे लगेच पटेल. ट्रकमध्ये बसवलेले यंत्र, ताणलेला पांढरा पडदा, खाली जमिनीवर अंथरलेली चादर. लेकरू पेंगले तर तिथेच झोपायचे, कंटाळले तर आजीचे बोट धरून बाहेर शेवचिवड्याच्या दुकानापर्यंत जायचे. आत-बाहेर करण्याला कुणाचीच हरकत नसे. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेल्या माहितीपटाची २०१६ साली कान महोत्सवात दखल घेतली गेली, तेव्हा तंबू उतरणीला लागले होते. मुलांसाठी चित्रपट काढून ते शाळाशाळांत नेणारी बालचित्र समितीही १९५५ पासून चालून २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मुलांच्या चित्रपटाची वाट मात्र बंद झालेली नाही. ‘नाळ २’ या मराठी चित्रपटाला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यातली चिमुकली त्रिशा ठोसर उत्कृष्ट बालकलाकारांत निवडली गेली. आपल्या मराठीतली गोष्ट देशभर पोहोचू शकते, तर ती आपल्या गावच्या मैदानावर का येऊ नये?

शाळा, ग्रामपंचायत आणि गणेश मंडळ यांनी मनावर घेतले, तर वर्षातून दोन-तीन संध्याकाळी वरवट बकालमध्ये असा पडदा लागू शकतो. चित्रपटाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी घ्यावी, अर्ध्या-पाऊण तासाची बालफिल्म निवडावी, आवाज शेजाऱ्याशी बोलता येईल इतकाच ठेवावा. वर आभाळ उघडे असेल, आईचा चेहरा दिसेल एवढा उजेड असेल, घर चार पावलांवर असेल. असा पडदा एकदा-दोनदा पाहून, चार-पाच वर्षांचे झालेले पोरगे पुढे अकोल्याच्या अंधाऱ्या थिएटरात बसेल, तेव्हा त्याला तो अंधार परका वाटणार नाही.

आणि अडीच वर्षांचे कुणी त्या मैदानात मध्येच उठून उजेडाच्या पट्ट्याकडे गेले, त्यात दोन्ही हात घालून उभे राहिले आणि पडद्यावर त्याच्या हातांची मोठी सावली पडली, तर त्याला कुणी खाली ओढू नये. मिनिटभर सगळ्यांनी ती सावलीच पाहावी.