गप्प बसलेलं पोर मंद नसतं

विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणात 'समता' हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. त्यावर टीप लिहून मार्क मिळतात, चार्ट करून भिंतीवर लावता येतो. पण मंडळी, सोलापुरात शिकवायला निघालेल्या शिक्षकाला समता खरंच शिकवायची असेल, तर आधी एक प्रश्न शिकवा : "बाळा, घरी काय बोलता?"

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे पद्मशाली विणकरांच्या घरात तेलुगू, निम्म्या नातेवाइकांत कन्नड आणि मुस्लिम मोहल्ल्यात दख्खनी. आणि मराठी म्हणाल तर तीही पुस्तकातली नव्हे, सोलापुरी! बाप मागावर, आई विड्या वळतेय, अशा घरातलं पोर मराठी शाळेत येतं आणि गप्प बसतं. बाईंना वाटतं, याला कळतच नाही. मग चाचणी होते, तीही मराठीत. निकाल काय येणार, सांगायला हवं का?

उलटंही घडतं. खरोखर कमी ऐकू येणाऱ्या मुलीबद्दल "घरी तेलुगू आहे ना, शिकेल हळूहळू" म्हणून सोडून देतात आणि तिची बोलणं शिकायची मोलाची वर्षं हातची जातात. म्हणजे भाषा न विचारल्याने धडधाकट पोरावर शिक्का बसतो आणि गरजू पोराला मदत मिळत नाही.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. २०१३ च्या 'डीएसएम-५' या निदानाच्या ग्रंथातच म्हटलंय की, शाळेची भाषा नीट न येण्यामुळे मूल मागे पडत असेल तर त्याला अध्ययन अक्षमता म्हणायचं नाही. आणि एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या शेजारच्या धारवाडला व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकातच बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत तयार केली होती. जे तेव्हा उमगलं, ते आज अभ्यासक्रमाच्या कोपऱ्यात का?

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा अपंगत्वाचे २१ प्रकार मानतो. अंध आणि कर्णबधिर मुलांना त्यांना योग्य अशा भाषेत आणि माध्यमातून शिकवा, असंही सांगतो. आपला डिप्लोमा मात्र साधारणपणे एकेका अपंगत्वाचा : श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता. मुलं अशी कप्पे करून येत नाहीत हो!

यावर ठरलेलं उत्तर असतं : "अहो, आधी शिक्षक तरी भरा, तेलुगूचं नंतर बघू." शिक्षक नाहीत हे खरंच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला १० आणि पुढे १५ दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण घालून दिलं. ७ मार्च २०२५ ला पदं जाहीर करून भरायचा आदेशही राज्यांना दिला. मग भरतीच करायची आहे, तर तयारी आत्ताच नको का बदलायला?

फार मोठं मागणं नाही. सरावपाठ फक्त विशेष शाळेत नकोत, महापालिकेच्या उर्दू, कन्नड, तेलुगू शाळांतही व्हावेत. घरची भाषा जाणणाऱ्या माणसाशिवाय एकाही मुलाची चाचणी होऊ नये. आईशी तिच्या भाषेत बोलल्याशिवाय अहवालावर सही नको. आणि विडी कामगारांच्या, विणकरांच्या शिकलेल्या मुलींना या कोर्सकडे आवर्जून बोलवा. त्यांना दुभाषा लागणार नाही.

असो. एवढं होत नसेल तर भिंतीवरचा तो चार्ट उतरवून ठेवलेला बरा. निदान पोरांची चेष्टा तरी होणार नाही.