लिलावात आपण कशाला उभ्या?

परवा देवगाव फाट्यावर आमच्या गटाची बैठक झाली. पापड-मसाल्याची जाहिरात मोबाइलवर द्यायचे ठरले. कोणत्या कंपनीमार्फत? ‘स्वस्त असेल तिच्या!’ असे बहुतेकींचे म्हणणे. मी विरोध केला.

मैत्रिणींनो, मोबाइलवर पान उघडते न उघडते तोच जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात. बोली लावणाऱ्यांना कळवले जाते : फोन कोणता, कुठल्या भागातला, त्यावर काय वाचले जाते. बोली हरणाऱ्यांच्या हातीही ही माहिती पडते. आपल्याकडे पुष्कळ घरांत फोन एकच. बाईने त्यावर मारहाणीविरुद्ध मदत शोधली, तर तसलीच जाहिरात नवऱ्यासमोर येऊ शकते.

गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातींना कायद्याने बंदी. तरी त्या इंटरनेटवर दिसत, म्हणून २००८ साली डॉ. साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले.

तेव्हा दर विचारण्याआधी दोन प्रश्न विचारू. आपली जाहिरात कोणत्या पानांवर, कशाशेजारी लागली, याची यादी मिळेल का? बाईवर पाळत न ठेवता, केवळ पानाचा विषय आणि जिल्हा पाहून ती लावता येईल का? ‘नाही’ म्हणणारी कंपनी कितीही स्वस्त असो, आपल्याला नको. पापड विकण्यासाठी दुसऱ्या बाईचे खाजगी आयुष्य विकायचे नाही.