खमंगपणाचा हिशेब

स्वीडनच्या दक्षिण भागात हालांडसोस येथे रेल्वेचा बोगदा खणला जात होता. १९९७ साली तेथे गळती बुजवण्यासाठी वापरलेले रसायन ओढ्याच्या पाण्यात मिसळले. मासे मेले, गाई लुळ्या पडल्या. त्या रसायनात अ‍ॅक्रिलामाइड होते. पुढे मजुरांचे रक्त तपासताना तुलनेसाठी इतरांचेही रक्त घेतले गेले, आणि बोगद्याशी काडीचाही संबंध नसलेल्या या माणसांच्या रक्तातही त्याच्या खुणा आढळल्या! शोध अखेर स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचला. तळलेल्या-भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत हे द्रव्य आपोआप तयार होते, असे स्वीडनच्या अन्न प्रशासनाने आणि स्टॉकहोम विद्यापीठातील संशोधकांनी एप्रिल २००२ मध्ये जाहीर केले.

बटाट्यात आणि गव्हात अ‍ॅस्पॅराजिन नावाचे अमिनो आम्ल असते. ग्लुकोजसारख्या साखरेबरोबर ते १२० अंश सेल्सियसच्या वर तापले, की अ‍ॅक्रिलामाइड तयार होते. उकडलेल्या बटाट्यात ही भीती जवळजवळ नाही. ज्या प्रक्रियेने पदार्थाला तांबूस रंग आणि खमंग वास येतो, त्याच प्रक्रियेचे हे अपत्य आहे.

मग घाबरायचे का? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच या द्रव्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. पण तो निष्कर्ष मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांचा होता; माणसांच्या आहाराच्या पाहण्यांत ठाम संबंध सापडलेला नाही. तरीही युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये चिंता व्यक्त केली. शरीराच्या वजनाच्या मानाने हे द्रव्य सर्वाधिक जाते ते मुलांच्या पोटात.

सरकारने करावे तरी काय? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने इशाऱ्याच्या पाटीचा मार्ग धरला. २०१८ मध्ये तेथील न्यायालयाने कॉफीलाही पाटी हवी, असा कौल दिला आणि २०१९ मध्ये राज्यानेच कॉफीला त्यातून वगळले. ग्राहकाने यातून कोणता बोध घ्यावा? त्याच राज्यात २००८ साली काही मोठ्या वेफर्स-उत्पादकांनी खटल्यातील तडजोडीत हे प्रमाण घटवण्याचे मान्य केले, ते मात्र खरे काम झाले.

युरोपीय संघाने एप्रिल २०१८ पासून जबाबदारी थेट उत्पादकावर टाकली. किलोमागे बटाटा वेफर्ससाठी ७५०, फ्रेंच फ्राइजसाठी ५००, तर बाळांच्या धान्याहारासाठी ४० मायक्रोग्रॅम असे मापदंड ठरले. कमी साखरेचा बटाटा निवडावा, तो सहा अंशांच्या वर साठवावा, तळण्याआधी गरम पाण्यातून काढावा, असे उपाय नेमून दिले. प्रमाण ओलांडले तर पद्धत सुधारणे भाग आहे. पण ते ओलांडणे हाच गुन्हा नव्हे. बाळांच्या अन्नाबाबत तरी एवढी सवलत नको.

आपल्याकडे कढईपर्यंत कायदा पोहोचूच शकत नाही, असे नाही. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात ‘पोलर’ संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाली, तर ते वापरू नये, हा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे. अर्थात तो तेलापुरता आहे. वेफर्स, बिस्किटे आणि बाळांचे अन्न बनवणाऱ्या कारखान्यांनी आपला माल नियमित तपासावा आणि निकाल जनतेपुढे ठेवावेत, अशी सक्ती हवी. सुरुवात बाळांच्या अन्नापासून व्हावी.

घरात बटाटा करपण्याआधी सोनेरी असतानाच काढावा, तळायचे बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नयेत, काचऱ्या थोडा वेळ पाण्यात भिजवाव्यात, एवढे पुरे. सणासुदीच्या तळणावर विरजण घालण्याचे कारण नाही. पण बंद पाकिटातला बटाटा कोठे साठवला, किती तापवला, हे कोणत्याही आईला पाहता येत नाही. तिच्या वतीने तेथे डोकावणे हे सरकारचेच काम आहे.