तपासनीस आणि हिरवा रंग

शाळेची वार्षिक तपासणी जवळ आली म्हणजे भिंतींना चुना लागतो, हजेरीपट नीटनेटके होतात आणि पहिल्या बांकावर कोणी बसावें हेंहि ठरतें. यांत लबाडी असतेच असें नाहीं. पाहुणा येणार म्हणून घर झाडावें, त्यांतलाच हा प्रकार. परंतु इन्स्पेक्टरसाहेबांनीं केवळ हजेरीपट व निकालाचे आंकडे पाहिले आणि एकाहि मुलास उभें करून प्रश्न विचारला नाहीं, तर त्यांनीं शाळा पाहिली असें म्हणतां येईल काय? हा प्रश्न शाळेपुरताच असता तर त्यावर लेख लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु जेथें अणूच्या उष्णतेपासून वीज निर्माण होते, तेथील तपासणीसहि तो जसाच्या तसा लागू पडतो.

अमेरिकेंतील ओहायो राज्यांत ईरी सरोवराच्या कांठीं डेव्हिस-बेसी नांवाचें अणुवीजगृह आहे. तेथील अणुभट्टी म्हणजे पोलादाचें एक प्रचंड पात्र. त्याचें झांकण सुमारें साडेसहा इंच जाड असून त्यांतून आरपार गेलेल्या नळ्यांवाटे अणुविभाजन आवरणाऱ्या कांड्या खालींवर होतात. आंतील पाणी अत्यंत तप्त असूनहि उकळूं नये म्हणून त्यावर दर चौरस इंचास २००० पौंडांहून अधिक दाब ठेवावा लागतो. त्या पाण्यांत बोरिक अॅसिड मिसळलेलें असतें. औषधाच्या दुकानांत मिळणारें हें सौम्य द्रव्य. परंतु तप्त पोलादावर तें थेंबाथेंबानें ठिबकून सांचूं लागलें, कीं पोलादासहि खाऊन टाकतें.

मार्च २००२ मध्यें एका नळीची चीर दुरुस्त करीत असतां कामगारांना या झांकणांत अननसाएवढा खळगा आढळला. तेथील पोलाद पार झिजून तळाशीं न गंजणाऱ्या धातूचें अस्तर तेवढें उरलें होतें, तेंहि अर्ध्या इंचाहून पातळ. एवढ्याशा पत्र्यानें तो सारा दाब पेलून धरला होता! तें अस्तर फाटतें तर भट्टी थंड ठेवणारें पाणी उसळून बाहेर पडतें आणि पुढील सारी भिस्त संकटकालीन पंपांवर राहती.

आतां नवल पाहा. अमेरिकेच्या अणु नियामक आयोगानें एप्रिल २००० पासून देखरेखीची नवी पद्धति सुरू केली होती. भट्टी किती वेळां अकस्मात् बंद पडली, संकटकालीं लागणारीं यंत्रें किती काळ नादुरुस्त होतीं, अशा ठराविक बाबींचे आंकडे कंपनीनें दर तिमाहीस कळवावयाचे आणि त्यांवरून हिरवा, पांढरा, पिवळा वा तांबडा रंग द्यावयाचा. पूर्वीच्या मानानें ही पद्धति अधिक नेमकी व निःपक्षपाती होती, हें कबूल केलें पाहिजे. आयोगाचे तपासनीसहि वीजगृहावर कायमचे नेमलेले असत. तरीहि त्या झांकणांत खळगा वाढत असतां डेव्हिस-बेसीचे सारे आंकडे हिरवेच होते. आंकडे खोटे नव्हते. झांकणावर काय सांचलें आहे हा रकानाच त्या तक्त्यांत नव्हता.

रकाना नव्हता, पण खुणा होत्या. भट्टीच्या कोठडींतील हवा तपासणाऱ्या यंत्राच्या गाळण्या एरव्हीं महिन्याकाठीं बदलाव्या लागत. त्या गंजाच्या भुकटीनें दिवसाआड तुंबूं लागल्या. हवा थंड करणारीं यंत्रें वारंवार धुवावीं लागत. २००० सालच्या दुरुस्तीच्या वेळीं झांकणावरून ओघळलेल्या तांबूस थरांचें छायाचित्रहि घेतलेलें होतें. गाळणी तुंबली, बदलली. पुन्हां तुंबली, पुन्हां बदलली. हा गंज येतो कोठून, हें शेवटास नेऊन विचारणारा मात्र कोणी निघाला नाहीं. कोणत्याहि घरांतील गृहिणीनें पाण्याच्या माठाखालीं रोज ओल दिसतांच माठ उचलून पाहिला असता.

याहूनहि गंभीर भाग पुढेंच आहे. २००१ च्या आरंभीं दक्षिण कॅरोलिनांतील ओकोनी येथें अशाच नळ्यांना धोकादायक चिरा सांपडल्या. त्यावरून आयोगानें ऑगस्टमध्यें अशा प्रकारच्या सर्व वीजगृहांस पत्र धाडलें, आणि ज्यांस अधिक धोका होता त्यांनीं ३१ डिसेंबरच्या आंत तपासणी करावी असें ठरलें. डेव्हिस-बेसीच्या कंपनीनें मुदत मागितली. भट्टी बंद करण्याच्या हुकुमाचा मसुदा आयोगांत तयार झाला होता. पण तो निघाला नाहीं. तडजोड होऊन १६ फेब्रुवारी २००२ ही तारीख ठरली. आयोगाच्याच महानिरीक्षकांनीं त्या वर्षाच्या डिसेंबरांत ठपका ठेवला कीं, या विलंबामागें कंपनीचें आर्थिक नुकसान टाळण्याचा विचार मोठ्या प्रमाणांत होता. आयोगाच्या अध्यक्षांस हा ठपका मान्य झाला नाहीं.

अध्यक्षांची बाजू अगदींच पोकळ होती असें आम्ही म्हणत नाहीं. केवळ संशयावरून भट्ट्या बंद होऊं लागल्या तर वीज मिळावयाची कशी? परंतु येथें पुरावा कोणाकडून मागितला गेला हें पाहिलें पाहिजे. झांकण कंपनीच्या ताब्यांत, छायाचित्र कंपनीच्या दप्तरांत. आणि ‘धोका आहे’ हें सिद्ध करण्याचा भार मात्र बाहेरून पाहणाऱ्या तपासनिसावर! आमच्या मतें हा न्याय उलटा आहे. किल्ली ज्याच्या हातीं, त्यानें पेटी उघडून दाखवावी. आणि तो दाखवीत नाहीं तोंवर तपासनिसानें ती रिकामीच समजावी.

ती भट्टी पुन्हां सुरू होण्यास मार्च २००४ उजाडला. थोड्या आठवड्यांचें नुकसान टाळूं पाहणारी कंपनी दोन वर्षें वीज विकूं शकली नाहीं, व २००५ सालीं तिला ५४ लक्ष ५० हजार डॉलर दंड ठोठावण्यांत आला. २००६ मध्यें आयोगानें आपल्या पद्धतींत सुधारणा केली. वीजगृहांतील माणसें दोष उघड बोलून दाखवितात कीं झांकतात, याचाहि विचार तेव्हांपासून तपासणींत होऊं लागला.

आपल्या पालघर जिल्ह्यांतील तारापूर येथें १९६९ पासून अणुवीजगृह आहे, आणि देशाचें अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ सालीं स्थापन झालें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें त्या मंडळाच्या चाकरींत जाईल, तर कोणी वीजगृहांत गाळण्या बदलण्याच्या कामावर असेल. या दुसऱ्यानें पहिल्यास ‘साहेब, ही गाळणी कालच बदलली होती’ असें निर्धास्तपणें सांगावें आणि पहिल्यानें हातांतील तक्ता बाजूस ठेवून तें ऐकावें, एवढी सवय तरी त्यांस याच बांकांवर लागली पाहिजे.