नळीची बाजू

पाइप ओढणाऱ्या माणसाला लोक विचारवंत समजतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या विचारवंतांच्या विचारांबद्दल. तासभर बोलतील, पण कशावर? भांड्याच्या लाकडावर! ब्रायर कुठलं, रेषा कशा सरळ गेल्यात, रंग कसा चढलाय! अहो, लाकूड तुमच्या हातात असतं. तोंडात असते ती नळी! चष्मा घेताना काच सोडून डबीची मखमल चाचपण्यातला हा प्रकार.

शेरलॉक होम्सला हे कळत होतं. १८९३ च्या ‘द यलो फेस’ कथेत कुणाचा तरी विसरलेला पाइप हाती येताच तो नळीवरच्या दातांच्या खुणा बघतो आणि मालकाचे दात मजबूत आहेत, गडी धट्टाकट्टा आहे, असं सांगून मोकळा होतो.

रबरात भरपूर गंधक घालून तापवलं की एबोनाइट होतं. जुन्या फाउंटनपेनांचं, क्लॅरिनेटच्या तोंडाचं असतं तेच. त्याची कांडी लेथवर धरायची, आरपार भोक पाडायचं, एका टोकाला लाकडात घट्ट बसेल असा खुंटा काढायचा. इथवर सोपं. खरी परीक्षा पुढे. दाताखालचा भाग कानशीनं घासत घासत चार मिलिमीटरच्या आसपास आणायचा, आणि तोही आतलं भोक न फोडता! टोकाला दात अडेल एवढी कड ठेवायची. भोकाचं तोंड पंख्यासारखं पसरट करायचं, म्हणजे धूर जिभेवर एकाच जागी चटका देत नाही. नळी वाकडी हवी तर आत तार घालून, तापवून वाकवायची. नाहीतर भोक चेपलंच म्हणून समजा. साच्यातून धडाधड पडणाऱ्या नळ्यांचे असले लाड कोण करणार?

आता ॲक्रिलिकचे वकील उभे राहतील. चमक जात नाही म्हणे! नाही जात, कबूल. एबोनाइट उन्हानं हिरवट पडतं, गंधकाची चव येते, घासत बसावं लागतं, तेही कबूल. (तंबाखू मुळातच वाईट, हे डॉक्टरांचं म्हणणं तर शंभर टक्के कबूल.) पण दाताला मऊ कोण? एबोनाइटमध्ये दात रुतले तर जरा ऊब दिली की खळगा वर येतो. दाताला ऊब देऊन बघा बरं! शोकेसमध्ये ठेवायचा असेल तर खुशाल ॲक्रिलिकचा घ्या. काचेच्या कपाटाला दात नसतात.

दुकानदार लाकडावरून हात फिरवून दाखवू लागला की त्याला थांबवा. नळीत साफ करायची तार घाला. न अडता भांड्यात उतरली तर भावाचं बोला. अडली, तर रेषा त्यालाच मोजत बसू द्या.