सोयाबीनचा कस शेतातच ठरतो

मृगाच्या सरी पडून रानाला वापसा येताच लातूर, वाशीम, बुलढाणा या जिल्ह्यांच्या काळ्या जमिनींत जे पीक दरसाल पेरले जाते, आणि ज्याच्या भावावर असंख्य कुटुंबांची दिवाळी, मुलांच्या शिक्षणाची तजवीज व कर्जाची परतफेड अवलंबून असते, त्या सोयाबीनचे मूल्य आपण आजही मुख्यतः वजनावरच ठरवितो, ही आपल्या शेतीधोरणातील मोठी उणीव होय.

सोयाबीनच्या दाण्यात स्थूलमानाने ४० टक्के प्रथिने व २० टक्के तेल असते. परंतु हे प्रमाण केवळ वाणावर ठरत नाही, तर जमीन, पाऊस आणि उष्णता यांचाही त्यात वाटा असतो. फुलोऱ्यात पावसाने ओढ दिली की फुले गळतात, आणि शेंगा भरताना दिली की दाणा बारीक राहतो. अशा दाण्यात प्रथिनांचा टक्का पुष्कळदा चढलेला दिसला, तरी तेल घटते, आणि उत्पन्नच खालावल्यामुळे एकरी हाती येणारी प्रथिनेही कमीच भरतात. उलटपक्षी झड लागून भारी जमिनीत पाणी तुंबले, तर मुळांवरील गाठींना प्राणवायू मिळेनासा होतो, हवेतील नत्र पिकास मिळवून देणारे जिवाणूंचे कार्य मंदावते आणि पीक पिवळे पडते. जमिनीत गंधक अपुरे असेल, तर मेथिओनिन व सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले दाण्यात उणी पडतात आणि प्रथिनांचा पोषणदृष्ट्या दर्जा उतरतो. काढणीच्या वेळी पावसाने गाठले, तर दाणा डागी होतो व तेलातील आम्लता वाढते.

असे असता मोंढ्यात मात्र ओलावा, काडीकचरा आणि डागी दाणे एवढेच पाहून भाव ठरविण्याचा शिरस्ता चालू आहे. ज्याने माती तपासून गंधक दिले, रुंद वरंबा-सरीवर पेरणी करून पाण्याचा निचरा साधला आणि पावसाच्या खंडात शेततळ्यातून एक संरक्षित ओलीत दिले, त्याच्या दाण्यातील वाढीव कसाचा मोबदला त्यास मिळत नाही; मग त्याने हा खर्च कोणत्या भरवशावर करावा? दाणा न फोडता तेल व प्रथिने मोजणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत; ती प्रमुख बाजार समित्यांत सरकारने बसवावीत आणि सरस मालास वाढीव दर देण्याची तरतूद करावी.

कोरडवाहू शेतकऱ्यावर यामुळे अन्याय होईल, अशी शंका कोणी घेईल, आणि ती रास्तही आहे. म्हणून हमीभावाचा आधार सर्वांस अबाधित ठेवून कसाचा मोबदला त्यावर निराळा द्यावा, तसेच मातीपरीक्षण व शेततळे यांसाठीचे साहाय्य प्रथम त्याच्याच बांधावर पोहोचवावे. पावसावर कोणाचा अंमल चालत नाही. परंतु निचरा, खत आणि ओलीत ही माणसाच्या हातची कामे आहेत, आणि ती चोख करणाऱ्यास त्याचे मोल देणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.